धडा कुठं अडतो, ते आधी बघा

पत्र असं आहे:

"मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात नदीकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. यंदा माजी विद्यार्थ्यांनी शाळेला बोटानं चालवायचं मोठं इंटरॲक्टिव्ह पॅनल दिलं. रोज किमान एक तास पॅनलवर झाला पाहिजे आणि त्याचा फोटो शाळेच्या ग्रुपवर आला पाहिजे, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. मी व्हिडिओ लावते, पुस्तकाची पीडीएफ लावते. मुलं शांत बसतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोरी. नववीत ५४ मुलं आहेत. नेट कधी असतं, कधी नसतं. गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकला तर निम्म्या घरांत फोन वडिलांकडे, आणि ते एमआयडीसीतून रात्री उशिरा येणार. नवीन आलेले सर सगळं झटपट करतात. माझं शिकवणं जुनं झालं असं वाटायला लागलंय. काय करू? एखादा ऑनलाइन कोर्स करू का?"

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं: दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोरी. म्हणजे तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारलंत. पॅनल आल्याच्या कौतुकात हे विचारायचं बऱ्याच शाळांत राहून जातं. मुलांना आलं की नाही हे ज्या बाई तपासतात, त्यांचं शिकवणं जुनं झालेलं नाही. ही भीती मनातून काढून टाका आणि मग पुढचं वाचा.

मुलं शांत का बसतात? कारण व्हिडिओ चालू असताना त्यांना करायला काही नसतं. बोलणारा बोलतो, चित्रं हलतात, सगळं सोपं वाटतं. पीडीएफचं तर मला उघड सांगायचंय, ती लावूच नका. बालभारतीचं पुस्तक प्रत्येकाच्या दप्तरात आहे. तेच पान भिंतीवर मोठं करून वाचलं तर मुलाच्या हातात नवीन काहीच येत नाही, उलट मागच्या बाकावरून उजेडामुळे अक्षरही नीट दिसत नाही.

पॅनलवर आज काय दाखवू, हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. तासाचं टाचण काढताना दुसरा प्रश्न विचारा: या धड्यात मुलं दरवर्षी नेमकी कुठं अडतात? एकोणीस वर्षांत त्या जागा तुम्हाला तोंडपाठ झाल्या आहेत. नवीन सरांचे हात भराभर चालतात हे खरं, पण ही यादी त्यांच्याकडे अजून नाही, ती वर्गात उभं राहूनच मिळते. साधन त्या अडलेल्या जागी लावायचं, आणि बाकीचा तास खडू-फळ्यावर बिनधास्त घ्यायचा.

नववीचं धाराविद्युत घ्या. दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकापुढं एक, लावले तर काय होईल, असं विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो, पहिला बल्ब जास्त उजळेल आणि उरलेली वीज दुसऱ्याला मिळेल. मुलांच्या डोक्यात वीज बल्बमध्ये संपते. आपण फळ्यावर लिहितो की एकसर जोडणीत विद्युतधारा सगळीकडे सारखी असते, मुलं ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, आणि डोक्यातली समजूत जिथल्या तिथं राहते. अडलेली जागा म्हणतात ती ही.

इथं फेट नावाच्या संचातलं सर्किट जोडणीचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, कामाला येतं. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. तो मोफत आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशनं मराठीतही आहेत. पण ते उघडण्याआधी पाच मिनिटं वहीला द्या. प्रत्येकानं आपला अंदाज लिहायचा: कुठला बल्ब जास्त उजळेल, आणि का? बोलायचं नाही. मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं, इथं मात्र वर्गात गोंगाट होऊ द्या. त्यानंतर मागच्या बाकावरच्या कुणाला तरी पॅनलपाशी बोलवा आणि त्याच्याच बोटानं बॅटरी, वायर, दोन बल्ब जोडून घ्या. तुम्ही बाजूला उभ्या राहा. तारेतून सरकणारे ठिपके दिसतात, बल्बच्या अलीकडं आणि पलीकडं त्यांचा वेग सारखाच असतो. धारा मोजणारं अमीटर दोन्हीकडं लावायला सांगा, आकडा तोच येतो. ज्यानं वहीत वेगळं लिहिलंय त्याला आता चैन पडत नाही. "मग खर्च काय झालं?" हा प्रश्न वर्गातूनच येतो, आणि ऊर्जा खर्च होते पण जेवढा प्रभार जातो तेवढाच परत येतो, हे सांगायची वेळ तीच. त्याआधी सांगितलं तर ते कानावरून जातं.

सिम्युलेशनवर तास संपवू नका. पडद्यावरचं सर्किट कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणं वागतं. मुलाच्या हातात खरी वायर आली, ती सैल निघाली, बल्ब लागेना, मग कुठं तुटलंय ते शोधताना तो बरंच शिकतो. दोन सेल आणि टॉर्चचे दोन बल्ब पुरतात. बल्ब मात्र एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणा, नाहीतर उजेडात थोडा फरक पडतो आणि मुलं म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत होतो की नाही!" तसं झालंच तर बल्बांच्या जागा बदलायला सांगा. कमी उजळणारा बल्ब पुढं आणला तरी कमीच उजळतो, हे बघितल्यावर वाद मिटतो.

भूमितीत अशी जागा आठवीच्या शिरोलंब आणि मध्यगा या धड्यात आहे. आपण फळ्यावर कायम लघुकोन त्रिकोणच काढतो, त्यामुळं शिरोलंबसंपात, म्हणजे तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू, आतच असतो अशी मुलांची समजूत पक्की होते. जिओजेब्रा या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही शिरोलंब काढून एक शिरोबिंदू हळूहळू ओढायला सांगा. संपातबिंदू सरकत सरकत काटकोनाच्या शिरोबिंदूवर येऊन टेकतो आणि कोन विशाल झाला की त्रिकोणाबाहेर पडतो. एवढं दाखवायला दहा मिनिटं लागतात. मग पॅनल बंद करून हीच आकृती विशालकोन त्रिकोण घेऊन वहीत कंपासपट्टीनं काढून घ्या, कारण परीक्षेत काढायची आहे ती हातानंच.

आता तुमच्या गावाकडं येते. तुमची शाळा नदीकाठची आहे हे वाचल्याबरोबर मला सांख्यिकीचा धडा आठवला. आलेखाच्या धड्यातली उदाहरणं मुलांना परकी वाटतात, कुठल्या तरी दुकानातली विक्री, कुठल्या तरी संघाच्या धावा. तुमच्या मुलांच्या घरात पावसाळ्यात रोज सकाळी एकच आकडा विचारला जातो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, हे पाचवीच्या पोरालाही ठाऊक असतं. २०१९ आणि २०२१ चे पूर त्यांच्या घरांनी सोसलेत. पातळीचे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात, वर्तमानपत्रात येतात, मोबाइलवर फिरतात. यंदा जूनपासून वर्गात एक वही ठेवा, पाळीनं एकेकानं तारीख, वेळ आणि पातळी लिहायची. ऑगस्टअखेर ही माहिती पॅनलवर स्प्रेडशीटमध्ये भरायची आणि आलेख काढायचा.

आलेख काढल्यावर एक गंमत हमखास होते, ती मुद्दाम होऊ द्या. पातळी फूट-इंचात असते. मुलं ४० फूट ९ इंच हे ४०.९ असं भरतात, दुसऱ्या वेळचं ४० फूट १० इंच हे ४०.१० असं. स्प्रेडशीट ४०.१० ला ४०.१ धरतं. म्हणजे नदी चढतेय आणि आलेख धाडकन खाली! काठावरच्या घरातलं एखादं पोर लगेच म्हणेल, "बाई, त्या दिवशी पाणी चढत होतं, आमच्या गोठ्यापर्यंत आलं होतं." तिथं थांबा. आलेख चुकला की नदी चुकली, असं विचारा. इंचाला १२ नं भागायचं असतं, ९ इंच म्हणजे ०.७५ फूट, १० इंच म्हणजे साधारण ०.८३ फूट, हे मुलांना स्वतःच्या चुकीतून सापडेल. दशांश अपूर्णांकाचा अर्थ इतका खोलवर सांगणारा तास मला दुसरा माहीत नाही. शिवाय संगणकानं काढलेला आलेख डोळे झाकून मानायचा नसतो हेही त्यातूनच कळतं, आणि ही सवय मुलांना जन्मभर उपयोगी पडणार आहे.

वेळ उरला तर त्याच आलेखावर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कुठल्या दिवशी उघडले त्या तारखांवर खूण करून घ्या. हे धरण भोगावती नदीवर आहे आणि तिचं पाणी पंचगंगेला येऊन मिळतं. दरवाजे उघडल्यावर आपल्याकडं पाणी किती वेळानं चढतं, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून शोधू द्या. गूगल अर्थवर प्रयाग चिखलीचा संगम आणि तिथून खाली नृसिंहवाडीपर्यंतचं पात्र दाखवा, म्हणजे वळणं कुठं आहेत आणि पाणी कुठं तुंबतं याची चर्चा सुरू होईल. भूगोलाच्या सरांनाही या तासाला बोलवा. हा प्रकल्प झाला की मुख्याध्यापकांना दाखवायला तुमच्याकडं फोटोपेक्षा भक्कम काहीतरी असेल.

५४ मुलांत कुणाला आलं आणि कुणाला नाही हे तासाच्या तासाला कळत नाही, ही तुमची खरी अडचण आहे. हात वर करणारी आठ-दहा मुलं ठरलेली असतात. यासाठी प्लिकर्स नावाचं ॲप बघा. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड द्यायचं, त्यावर काळी चौकटी नक्षी असते आणि चार कडांना चार पर्यायांची अक्षरं बारीक छापलेली असतात. प्रश्न विचारला की आपल्या उत्तराची कड वर धरून मुलं कार्ड दाखवतात. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं. मुलांच्या हातात फोन लागत नाही, आणि शेजाऱ्याचं उत्तर बघून आपलं ठरवता येत नाही. मोठ्या वर्गासाठी वेगळा संच मिळतो. कार्डं जाड कागदावर छापून घ्या, चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. नावांच्या जागी हजेरी क्रमांक भरा.

कहूट वगैरे प्रश्नोत्तरांच्या शर्यतीचे खेळ नवीन सर घेत असतील, मुलांना ते आवडतातही. माझं मत विचाराल तर गणितात मी ते क्वचितच घेईन. घड्याळ पळायला लागलं की हळू विचार करणारं मूल विचार करायचं सोडून देतं आणि ठोकताळ्यानं बटण दाबतं. आपल्याला बघायचं असतं तेच मूल.

नेटचं काय? तासाला नेट नाहीच असं धरून तयारी करा. फेटचं सिम्युलेशन घरून उतरवून पेन ड्राइव्हवर घेता येतं, ते नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतं. जिओजेब्रा संगणकावर कायमचं टाकून ठेवता येतं. पॅनलच्या ब्राउझरवर ती फाइल चालते का, हे आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर एकदा बघून घ्या, मुलांसमोर पहिल्यांदा उघडू नका. व्हिडिओ लावायचाच असेल तर दोन-तीन मिनिटांचा तुकडा निवडा, मध्ये थांबवा, पुढं काय होईल ते विचारा, मग चालू करा. आणि टाचणात एका ओळीत लिहून ठेवा: लाईट गेली तर काय. सर्किटच्या तासाला उत्तर सोपं आहे, सेल आणि बल्ब टेबलावर असतातच.

गृहपाठाबाबत मी थोडी ठाम आहे. ज्या घरात संध्याकाळी फोन नाही त्या मुलाचा गृहपाठ फोनवर अवलंबून ठेवायचा नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा बाप रात्री अकरानंतर घरी येतो, त्यानंतर नववीच्या मुलीनं व्हिडिओ बघून स्वाध्याय सोडवावा ही अपेक्षाच चुकीची. लेखी काम वर्गातच फळ्यावर द्या. व्हॉट्सॲप ग्रुप पालकांसाठी ठेवा आणि त्यावर आठवड्यातून एकदा तुमच्या आवाजातला मिनिटभराचा निरोप टाका: या आठवड्यात आपण वीज शिकतोय, मुलाला विचारा दोन बल्बांतला कुठला जास्त उजळतो. वाचता न येणारी आजीसुद्धा तो ऐकते आणि नातवाला विचारते. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचं साहित्य उघडतं, ज्यांच्याकडं फोन मोकळा आहे त्यांना ते जादा म्हणून सांगा. त्यावर गुण ठेवू नका.

क्यूआर कोडवरून सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची आठवण येते. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा सगळीकडं कौतुक झालं ते क्यूआर कोडचं. पण त्यांच्यापुढची अडचण काय होती? पुस्तकाची भाषा मुलांच्या घरच्या कन्नडहून वेगळी होती. त्यांनी आधी पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्याला कोडची जोड दिली. तुमची अडचण त्यांच्याहून वेगळी आहे, म्हणून साधनही वेगळं असणार, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एआयबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण स्टाफरूममध्ये विषय निघतच असेल म्हणून थोडक्यात सांगते. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून तयार प्रश्नपत्रिका घेऊ नका, मराठी हिंदीच्या वळणावर जाते आणि उत्तरं अधूनमधून चुकतात. त्याला असं विचारा: या प्रश्नाला नववीतली मुलं कुठकुठली चुकीची उत्तरं देतील? प्लिकर्सच्या प्रश्नांना पर्याय तयार करायला त्यातली दोन-तीन कामाची निघतात. निवड तुमची, कारण तुमच्या मुलांच्या चुका तुम्हीच ऐकल्या आहेत.

राहिले मुख्याध्यापक. त्यांचा हेतू वाईट नाही, माजी विद्यार्थ्यांनी दिलेली वस्तू धूळ खात पडू नये असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक प्रस्ताव घेऊन जा: रोजच्या एका तासाऐवजी आठवड्यातून दोन तास, पूर्ण तयारीचे. फोटोऐवजी प्रत्येक तासाची तीन ओळींची नोंद: मुलं कुठं अडली होती, काय वापरलं, दुसऱ्या दिवशी विचारल्यावर किती जणांना आलं. सोबत अंदाज लिहिलेल्या चार वह्या घेऊन जा. वहीत आधी काय लिहिलं होतं आणि नंतर तेच मूल काय म्हणतं हे एकदा त्यांनी बघितलं की फोटोचा आग्रह सैल होईल असं मला वाटतं. आणि फोटो टाकावेच लागले तर मुलांचे चेहरे नकोत, फळा-पॅनल आणि वह्या पुरेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती अपेक्षित आहे. नवीन ॲपवर मुलांची नावं, जन्मतारखा, फोन नंबर भरायची वेळ आली तर आधी पालक सभेत विषय मांडा.

कोर्सचं म्हणाल तर आत्ता नको. प्रमाणपत्र मिळेल, पण सोमवारचा तास तसाच राहील. या सत्रात सर्किटचं सिम्युलेशन तेवढं नीट शिका, पुढच्या सत्रात जिओजेब्रा. नवीन सरांना तुमच्या तासाला मागं बसायला बोलवा. पॅनल अडलं तर ते मदत करतील, आणि मुलांच्या चुकांवर तुम्ही कसं बोलता हे त्यांना बघायला मिळेल. बदल्यात त्यांच्या एका तासाला तुम्ही बसा.

धाराविद्युतचा तास झाला की मला कळवा. किती मुलांनी पहिला बल्ब लिहिला, किती जणांनी दुसरा, आणि आठवड्यानं पुन्हा विचारल्यावर काय आलं, तेवढे आकडे पाठवा. काही अडलं तर पुढच्या पत्रात त्यावरच बोलू.